पुरिसदम्मसारथि : अश्वशिक्षण आणि माणसाचे शिक्षण

बुद्धवंदनेत तथागतांचे गुण स्मरताना ‘पुरिसदम्मसारथि’ हा शब्द आपण नित्य उच्चारतो. माणसाला वळण लावणारा सारथी, असा त्याचा अर्थ. हा शब्द अश्वविद्येतून आला आहे. ती विद्या समजून घेतल्याखेरीज त्याचे मर्म उलगडत नाही. नांदगाव परिसराला घोडा परका नाही. शेजारच्या येवल्यात मंगळवारी घोडेबाजार भरतो.

मज्झिम निकायातील भद्दालि सुत्तात घोडा शिकविण्याचा क्रम आला आहे. प्रथम लगामाची सवय. जातिवंत घोडासुद्धा त्या वेळी अंग झाडतो, धडपडतो. कारण हे त्याने पूर्वी कधी केलेले नसते. तेच पुन्हा पुन्हा, टप्प्याटप्प्याने करविले की तो शांत होतो. मगच जुंपण्याची सवय, रिंगणातील चाल, धाव इत्यादी पुढील पाठ. पहिली पायरी पचल्याशिवाय दुसरी नाही.

अंगुत्तर निकायात केसी नावाचा अश्वशिक्षक भेटतो. काही घोडे मृदुतेने, काही कठोरतेने, काही दोन्हींनी शिकतात. कशानेच न शिकणाऱ्यास आपण ठार करतो, असे तो सांगतो. आपली रीतही तीच, असे तथागत म्हणताच केसी चकित होतो. तथागत उलगडा करतात : सदाचरण व त्याचे फळ सांगणे ही मृदुता, दुराचरण व त्याचे फळ सांगणे ही कठोरता, आणि उपदेश करणेच सोडून देणे हा वध. येथे चाबकाला स्थान नाही.

शिकविणे सोडणे म्हणजे वध, हा विचार आम्हांस फार मोलाचा वाटतो. तथागत ही गोष्ट तिन्ही उपाय थकल्यावर, अगदी शेवटी ठेवतात. वर्णव्यवस्थेने मात्र आरंभच तेथून केला. आमच्या पूर्वजांना काही न शिकविताच शिकण्यास अपात्र ठरविले. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली, ती असल्या व्यवस्थेविरुद्ध होती.

म्हणून विहारातील बालवर्गात एखादे मूल मागे पडले, तर ‘याला येणार नाही’ असे म्हणण्यापूर्वी आपण स्वतःस विचारावे : मृदुतेने किती वेळा सांगितले? पहिली पायरी पक्की करून घेतली का? उत्तर नकारार्थी असेल, तर तो पाठ पुन्हा पहिल्यापासून घ्यावा.