सम दहाव्या मात्रेवर

स्पेनमधल्या सेव्हिल शहरात ग्वादाल्किविर नदीपलीकडे त्रियाना नावाची जुनी वस्ती आहे. फ्लामेन्को शिकायला जगभरातून येणाऱ्या विद्यार्थ्यांचा दिवस बहुधा इथल्याच एखाद्या गल्लीत सुरू होतो. पहिला तास निव्वळ पायांचा. चवडा, टाच, अख्खं पाऊल, बोटांचं टोक. प्रत्येक आघात आधी ठाय लयीत, मग दुगुनीत. बुटांच्या चवड्याला आणि टाचेला बारीक खिळे ठोकलेले असतात, त्यामुळे चुकलेला आघात लपत नाही. कथ्थक शिकलेल्या मुलीला ही मेहनत ओळखीची वाटते. फक्त तिकडे पाय अनवाणी असतात आणि चूक पकडायला घुंगरू असतात.

खरी परीक्षा दुसऱ्या तासाला.

गुरू 'सोलेआ' हा प्रकार घेतात. आवर्तन १२ मात्रांचं, म्हणजे एकतालाएवढंच. पण वजन पडतं ३, ६, ८, १० आणि १२ या मात्रांवर. आधी तीन-तीनच्या चालीत निघालेली लय मध्येच दोन-दोनची होते, आणि तुकडा मिटतो तो दहाव्या मात्रेवर. समेला पहिल्या मात्रेवर यायची सवय लागलेलं शरीर इथे हमखास घसरतं. मोजदादही निराळी: दहानंतर अकरा-बारा न म्हणता पुन्हा 'उन, दोस', म्हणजे एक, दोन. या आवर्तनाला आणि त्यात पक्कं राहण्याला 'कोम्पास' म्हणतात. हात कितीही सुंदर फिरोत, कोम्पास सुटला तर नाच उभा राहत नाही.

म्हणून टाळ्याही शिकवल्या जातात. बोटं दुसऱ्या हाताच्या तळव्यावर मारली, की खणखणीत टाळी. दोन्ही तळवे पोकळ धरून मारले, की दबकी. गायक हळुवार गात असेल तेव्हा दबकीच हवी. अर्धा तास नुसत्या टाळ्या द्यायला लावणारा गुरू विद्यार्थ्याला कंटाळवाणा वाटेल. पण नाचणाऱ्याचा कान तिथेच तयार होतो.

दुपारी ऊन चढतं, दुकानं मिटतात. उन्हाळ्यात पारा ४० अंशांपुढे जातो, तेव्हा सावली शोधत हिंडणंच शहाणपणाचं. १८५२ साली पूर्ण झालेला लोखंडी पूल ओलांडला, की जुनं सेव्हिल लागतं. कॅथेड्रलचा हिराल्दा मनोरा मुळात बाराव्या शतकातला मशिदीचा मिनार. घंटांचा वरचा भाग सोळाव्या शतकात चढवला. आत पायऱ्यांऐवजी उतरण आहे, घोड्यावरून वर जाता यावं म्हणून. सकाळभर टाचा आपटून दुखणाऱ्या पोटऱ्यांना ही सोय आजही मानवते.

परतताना मात्र पुलाच्या त्रियानाकडच्या टोकाशी थांबावं. तिथल्या भाजी-मासळीच्या बाजाराखाली सान होर्हे किल्ल्याचे अवशेष आहेत. धर्मन्यायपीठाचं, म्हणजे इन्क्विझिशनचं, ते ठाणं होतं. याच वस्तीत 'हितानो', म्हणजे रोमा लोक, लोहारकाम करत आणि गात. १७४९ साली राजाज्ञेने देशभरातल्या रोमांची धरपकड झाली. विसाव्या शतकाच्या मध्यावर त्रियानातली बहुतेक रोमा कुटुंबं शहराच्या कडेच्या नव्या वसाहतींत हलवली गेली. ज्यांच्या अंगणांत हे गाणं वाढलं, त्यांची घरं इथे उरली नाहीत. नाच शिकणाऱ्याला हे ठाऊक असायलाच हवं.

रोमा मूळचे भारतातले, हे त्यांच्या भाषेवरून सिद्ध झालं आहे. त्यावरून 'फ्लामेन्को कथ्थकमधूनच निघालं' असं आपल्याकडे सर्रास सांगितलं जातं. ते खरं मानायला पुरावा नाही. आजचं फ्लामेन्को अंदालुसियात, मुख्यतः अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत घडलं. त्यात रोमांसोबत तिथल्या लोकगीतांचा आणि इतर अनेकांचा वाटा आहे. दोन्ही नाचांची खरी भेट पाहायची असेल तर २०१४ चं 'तोरोबाका' आठवावं. कथ्थकमध्ये घडलेले अक्रम खान आणि सेव्हिलचेच इस्राएल गाल्वान त्यात समोरासमोर उभे राहिले. तिथे कुणी कुणाचा पूर्वज नव्हता.

रात्री विद्यार्थी 'तबलाओ'त, छोट्या रंगमंचासमोर, जाऊन बसतात. सकाळचा धडा इथे कानांनी तपासता येतो: गायक कुठे लांबवतो, नर्तकी त्याला कुठे इशारा देते, दहावी मात्रा कुठे पडते. तुम्ही कधी तिथे गेलात, तर गाणं रंगात आल्यावर ताल धरायचा मोह आवरा. तिथे टाळी हे वाद्य आहे, आणि ते वाजवणारे मंचावर बसलेले असतात.