पत्ते आणि कायदा : पोळ्याच्या दिवशीची सही

ऑनलाइन डावांतल्या कमाईवरच्या 30 टक्के कराचा हिशेब या आठवड्यात मांडणार होतो. तो पुढे ढकलतो. दारव्ह्याहून एका वाचकाने विचारलंय : पोळ्याला धुऱ्यावर पत्ते खेळणाऱ्यांना पोलीस गाडीत घालून नेतात, मग मोबाइलवर रात्रभर पैसे लावून पोकर खेळणाऱ्या पोराला कोणी का हात लावत नाही? या प्रश्नाला अख्खा लेखांक द्यायलाच हवा.

धुऱ्यावरच्या डावाला 1887 चा जुगार प्रतिबंधक कायदा लागतो. पोळ्याच्या सुमारास विदर्भात गावोगावी एक्का-बादशहा रंगतो, धाड पडते आणि पंचनाम्यात बावन्न पत्ते, रोकड, मोबाइल, मोटारसायकली असा मुद्देमाल चढतो. पण याच कायद्यात कलम 13 आहे : निव्वळ कौशल्याच्या खेळाला यातलं काहीच लागू नाही. पत्त्यांची बरीचशी कोर्टबाजी अशाच कलमांभोवती झाली.

त्यातला गाजलेला निकाल दिला तो न्या. एम. हिदायतुल्ला यांनी. नागपूरच्या मॉरिस कॉलेजात शिकलेले, पुढे तिथल्याच हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश झालेले. सिकंदराबादच्या एका क्लबवर धाड पडली होती. त्या खटल्यात 1967 साली सुप्रीम कोर्टात त्यांनी लिहिलं की रमीत कोणतं पान पडलं हे लक्षात ठेवावं लागतं, काय धरायचं नि काय टाकायचं हे ठरवावं लागतं. म्हणून तो मुख्यतः कौशल्याचा खेळ. तीन पत्ती मात्र निव्वळ नशिबाची. पोकरच्या वाट्याला सुप्रीम कोर्टाचा असा निवाडा आला नाही. 2017 मध्ये गुजरात हायकोर्टाने त्याला जुगार ठरवलं, 2024 मध्ये अलाहाबाद हायकोर्टाने कौशल्याचा खेळ म्हटलं.

माझं मत अलाहाबादच्या बाजूचं आहे. समजा, तुमची दोन आणि टेबलावरची चार पानं धरून चार बदाम जमलेत, शेवटचं पान यायचंय; तेही बदाम निघालं की डाव तुमचा. न दिसलेली पानं 46, त्यांत बदाम 9. म्हणजे संधी जेमतेम 20 टक्के. समोरच्याने 100 लावून डाव 500 वर नेला, तर तुम्ही 100 टाकून 600 च्या डावात बसता. सहात एक, म्हणजे 17 टक्क्यांच्या आसपास जिंकलात तरी बरोबरी, तेव्हा खेळावं. त्याने 300 लावून डाव 700 वर नेला, तर 30 टक्के संधी हवी; पानं टाकून द्यावीत. पान नशिबाने येतं, पण पुढचं पाऊल तुमचं असतं, आणि हजारो डावांनंतर फरक त्या पावलांनीच पडतो.

संसदेने 2025 मध्ये हा वादच बाजूला सारला. ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा म्हणतो : कौशल्य असो वा नशीब, जिंकण्याच्या आशेने पैसे लावले की तो ऑनलाइन मनी गेम. असा खेळ पुरवणाऱ्याला 3 वर्षांपर्यंत कैद, 1 कोटीपर्यंत दंड. जाहिरात करणाऱ्याला 2 वर्षं, 50 लाख. पैसे फिरवणाऱ्या बँकांनाही बंदी. खेळणाऱ्याला मात्र शिक्षा नाही, तो बळी मानलाय. राष्ट्रपतींची सही झाली 22 ऑगस्ट 2025 रोजी. त्या दिवशी पोळा होता.

तर वाचकहो, धुऱ्यावरचा गडी आरोपी आणि मोबाइलवरचा पोरगा बळी, हे असं घडलं. मला ही तफावत बोचते. खेळणाऱ्याला सोडलं ते योग्यच; शंभर-दोनशेच्या डावासाठी शेतकऱ्याला कोर्टाच्या चकरा मारायला लावणं मात्र मला कधीच पटलेलं नाही.

पण मोकळा सुटला म्हणून पोरगा सुरक्षित आहे असं नाही. देशी पोकर कंपन्यांनी पैशांचे डाव बंद केल्यावर परदेशी ॲपांच्या लिंका फिरतात. तिथे पैसे अडकले तर दाद कुठे मागणार? पैजेचा करार भारतीय करार कायद्याच्या कलम 30 नुसार मुळातच रद्दबातल. गोव्यात मांडवीतल्या कॅसिनो बोटींवर पोकरची टेबलं आहेत, कारण नवा कायदा फक्त ऑनलाइनचा. पण दारव्ह्याहून पणजी गाठणार कोण?

बंदीविरुद्धच्या याचिका तीन हायकोर्टांतून सुप्रीम कोर्टाने सप्टेंबर 2025 मध्ये स्वतःकडे घेतल्या. दरम्यान, बंदीआधी जिंकलेल्यांनी टीडीएसचे कागद जपून ठेवा. खेळ थांबला तरी त्या कमाईवरचा कर सुटलेला नाही. त्याचा हिशेब पुढच्या आठवड्यात.