भिंतीवाचून तुरुंग

शिक्षा भोगून सुटलेला माणूस लालबागला गाडीतून उतरतो, तेव्हा कायद्याने त्याचा हिशेब पुरा केलेला असतो. मोहल्ल्याचा हिशेब तेथून सुरू होतो. खोली कोण देणार, कामावर कोण ठेवणार, त्याच्या मुलीला स्थळ कोठून येणार? तुरुंगात या प्रश्नांची तयारी सहसा होत नाही.

ती आधीच व्हावी, हा विचार एका मराठी संस्थानिकाने अंमलात आणला होता. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३९ साली, मॉरिस फ्रीडमन या पोलिश अभियंत्याच्या कल्पनेनुसार, आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही वसाहत वसविली. खुनासारख्या गुन्ह्यांतील बंदीही तेथे भिंतीवाचून राहू लागले, शेती करू लागले. ‘दो आँखें बारह हाथ’ हा शांतारामबापूंचा १९५७ चा चित्रपट यावरच बेतलेला. कथा आटपाडीच्याच परिसरातले ग. दि. माडगूळकर यांची. चित्रपटाचा सारा भर जेलरच्या करुण नजरेवर आहे. मला मात्र वसाहतीचे मर्म निराळे वाटते. तेथे बंद्याला बायकामुलांसह राहता येई. पळून जाणे म्हणजे त्यांचे छप्पर मोडणे. एवढी राखण कोणत्याही भिंतीला साधत नाही. शिवाय सुटकेच्या दिवशी संसार नव्याने जुळवावा लागत नाही, हा लाभ त्याहून मोठा.

आपल्या मध्यप्रदेशाचा अनुभवही वाचकांना ठाऊक असेल. १९६० मध्ये चंबळच्या खोऱ्यात वीस दरोडेखोरांनी विनोबांपुढे शस्त्रे ठेवली. पुढे विनोबांनी माधोसिंगाला जयप्रकाशजींकडे धाडले आणि एप्रिल १९७२ मध्ये जौरा येथे मोठी शरणागती झाली. त्यांतील अनेकांना मुंगावलीच्या खुल्या तुरुंगात ठेवण्यात आले. ज्यांच्या घरचा कर्ता या टोळ्यांनी मारला, त्यांना शरणागतीचा तो सोहळा पाहून काय वाटले असेल? त्यांचा राग अनाठायी म्हणवत नाही. पुनर्वसनाच्या कैवाऱ्यांनी या दुसऱ्या घराचाही विचार करावयास हवा होता.

दरोडेखोरांना निदान विनोबा भेटले. भांडणात हात उचलून बसलेल्या आपल्या गल्लीतल्या पोराला कोण भेटणार? बुऱ्हाणपुरात यंत्रमागांना तोटा नाही, आणि माग चालविण्याचे काम शिकता येते. तथापि काम मागावयास गेल्यावर पहिला प्रश्न येतो, “इतकी वर्षे कोठे होतास?” खरे सांगितले तर दार बंद होते. खोटे सांगितले तर काम मिळते, आणि ते उघडकीस येईल या धास्तीतच पुढचे दिवस काढावे लागतात.