खरवस परत चीक होत नाही, आणि डिकीत तापलेलं इन्सुलिन?

भाग ऐकून झाला असेल तर उजळणी म्हणून, आणि ऐकायला वेळ मिळाला नसेल तर थेट वाचायला, हा नेहमीप्रमाणे आजच्या भागाचा लिखित मजकूर.

आजचा विषय एका मेसेजमुळे ठरला. एका श्रोत्याने लिहिलंय, "आजीचं इन्सुलिनचं पेन मेडिकलमधून आणलं आणि स्कूटीच्या डिकीतच विसरलो. एप्रिलची दुपार, चार तास गाडी उन्हात. संध्याकाळी काढलं तर औषध पाण्यासारखं स्वच्छ. आता फ्रीजमध्ये ठेवलं की झालं ना?"

उत्तर देणारच आहे. पण नुसतं 'हो' किंवा 'नाही' सांगितलं तर पुढच्या वेळी पुन्हा विचारावं लागेल. त्यामुळे आधी जरा स्वयंपाकघरात जाऊ.

एकच म्हैस, दोन दुधं

म्हैस व्यायली की पहिले एक-दोन दिवस चीक मिळतो. तो गूळ घालून उकडला की घट्ट होतो आणि आपण त्याच्या वड्या पाडतो. तोच खरवस. त्याच म्हशीचं महिन्याभरानंतरचं दूध कितीही उकळा, आटेल, साय धरेल, पण त्याच्या अशा वड्या पडणार नाहीत. असं का?

प्रोटीन म्हणजे अमिनो आम्लांची लांबलचक माळ. मणी 20 प्रकारचे. काही मण्यांना पाणी आवडतं, काही मणी तेलकट असतात आणि पाण्यापासून लांब पळतात. म्हणून पाण्यात ही माळ सरळ पडून राहत नाही. ती स्वतःची घडी घालते. तेलकट मणी आत, पाणी आवडणारे मणी बाहेर. ही घडी धरून ठेवणारे बहुतेक बंध एकेकटे पाहिले तर कमजोर असतात. उष्णता, आम्ल, क्षार, यातलं काहीही बदललं की ते सुटू शकतात.

चिकात वासराला आजारांपासून वाचवणारी प्रतिपिंडं भरपूर असतात. ही घट्ट घडी असलेली प्रोटीनं. उकडताना घडी उलगडते, आत लपलेले तेलकट मणी उघडे पडतात आणि शेजारच्या उलगडलेल्या माळेच्या तेलकट मण्यांना जाऊन चिकटतात. त्याला तिसरी माळ, चौथी माळ... बघता बघता जाळं तयार होतं आणि पाणी, साखर, स्निग्धांश सगळं त्यात अडकतं. खरवस तयार!

रोजच्या दुधात मात्र साधारण 80 टक्के प्रोटीन केसिन असतं. केसिनची घडी मुळातच सैल. उष्णतेला उलगडायला तिथे फारसं काही नसतंच.

मग लिंबू पिळल्यावर दूध का फाटतं?

कारण एकत्र येण्याचा दुसराही रस्ता आहे, आणि त्याला उलगडावंच लागतं असं नाही.

दुधाचा पीएच साधारण 6.6 असतो. या पीएचला केसिनच्या कणांवर ऋण विद्युतभार असतो. सगळ्यांवर सारखाच भार, त्यामुळे कण एकमेकांना ढकलत राहतात आणि दूध एकजीव दिसतं. लिंबू पिळलं की आम्ल वाढतं आणि भार कमी होत जातो. 4.6 च्या आसपास एकूण भार शून्य होतो. ढकलणारं कोणी उरलं नाही की कण एकत्र येतात. विरजणातले जिवाणू हेच काम रात्रभर सावकाश करतात, म्हणून दही छान लागतं.

म्हणजे रस्ते दोन. एक, घडी उलगडून चिकटणं. दोन, भार गेल्यामुळे चिकटणं. दोन्ही लक्षात ठेवा, इन्सुलिनमध्ये दोन्ही लागणार आहेत.

उलगडलेली घडी परत बसते का?

बसू शकते! अमेरिकन शास्त्रज्ञ ख्रिश्चन ॲनफिन्सन यांनी हे दाखवलं. त्यांनी रायबोन्यूक्लिएज नावाचं 124 अमिनो आम्लांचं प्रोटीन घेतलं. त्यात भरपूर युरिया (हो, शेतात घालतात तोच रेणू) घातला, शिवाय माळेतले गंधकाचे पूल तोडणारं रसायनही. घडी पूर्ण उलगडली, प्रोटीनचं काम थांबलं. मग दोन्ही रसायनं काढून टाकली. प्रोटीनने कोणाच्याही मदतीशिवाय आपली घडी परत घातली आणि ते पुन्हा काम करू लागलं. घडी कशी घालायची ते माळेतल्या मण्यांच्या क्रमातच लिहिलेलं असतं, हा त्याचा अर्थ. 1972 च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये ते एक मानकरी होते.

मग गार झाल्यावर खरवसाचा परत चीक का होत नाही? कारण गर्दी. विरळ द्रावणात एकट्या माळेला स्वतःची घडी घालायला मोकळीक मिळते. गर्दीत घडी बसायच्या आत शेजारी येऊन चिकटतो. आणि एकदा जाळं झालं की सुटका नाही.

आता इन्सुलिन

इन्सुलिन छोटं प्रोटीन आहे. दोन माळा मिळून 51 अमिनो आम्लं. आपल्या स्वादुपिंडात ते साठवलं जातं तेव्हा सहा-सहा रेणू जस्ताभोवती एकत्र बसलेले असतात. हे चांगलं एकत्र येणं. घडी शाबूत असते आणि वेळ आली की सहाही जण सुटे होतात. औषधातही बऱ्याचदा जस्त घालून हीच युक्ती वापरतात.

काम मात्र एकटा रेणूच करतो. टोचल्यावर त्वचेखाली औषध पातळ होतं, सहाचे दोन, दोनाचा एक होतो. याला वेळ लागतो, म्हणून साधं इन्सुलिन जेवणाच्या साधारण अर्धा तास आधी घ्यायला सांगतात. मग शास्त्रज्ञांनी माळेतल्या शेजारच्या दोन मण्यांची अदलाबदल केली. त्यामुळे रेणूंची एकमेकांवरची पकड सैल झाली आणि औषध लवकर काम करू लागलं. हे लिस्प्रो, 1996 मध्ये बाजारात आलं.

ग्लार्जिन याच्या बरोब्बर उलट. पेनमध्ये ते आंबट, पीएच 4 च्या आसपास, आणि स्वच्छ. त्वचेखाली पीएच 7.4. तिथे पोचल्यावर त्याचा भार जवळजवळ संपतो आणि त्याचे बारीक कण होऊन ते तिथेच बसतं. मग दिवसभर थोडं थोडं विरघळत राहतं. म्हणजे दूध फाटण्याचंच तत्त्व, पण मुद्दाम, ठरवून, आणि सुटण्याची सोय ठेवून!

आणि बिघाड?

तो पहिल्या रस्त्याने येतो, खरवसाच्या. उष्णता, जोरात हलवणं, आत राहिलेला हवेचा बुडबुडा, या सगळ्यामुळे सुट्या झालेल्या रेणूची घडी थोडी उलगडते. उलगडलेले रेणू एकावर एक रचत लांब तंतू होतात. अशा तंतूंना अमायलॉइड म्हणतात. तंतूतलं इन्सुलिन साखर कमी करण्याच्या कामाचं राहत नाही.

यातली फसवी गोष्ट अशी की सुरुवातीला बराच वेळ काहीच दिसत नाही. तंतूची पहिली बीजं तयार व्हायला वेळ लागतो, नंतर मात्र ते भराभर वाढतात. शिवाय उष्णतेने इतरही रासायनिक बदल होतात, तेही डोळ्यांना दिसत नाहीत. म्हणून स्वच्छ दिसणं ही खात्री नाही.

गोठणंही तितकंच वाईट. पाण्याचा बर्फ होतो, उरलेल्या थेंबभर पाण्यात प्रोटीन आणि क्षारांची दाटी होते आणि गुठळ्या होऊ शकतात. म्हणून फ्रीजर नको आणि फ्रीजच्या बर्फ धरणाऱ्या मागच्या भिंतीला टेकवून ठेवणंही नको.

तर मग डिकीतलं पेन?

वापरू नका. उन्हातली डिकी खोलीपेक्षा कितीतरी जास्त तापते आणि आतलं किती औषध शाबूत आहे हे घरी कळायला मार्ग नाही. फ्रीजने पुढचा बिघाड मंदावेल, पण झालेला बिघाड भरून निघणार नाही. खरवस फ्रीजमध्ये ठेवला म्हणून त्याचा चीक होतो का? पण हेही तितकंच महत्त्वाचं: आजीचा डोस आपल्या मनाने चुकवू नका. लगेच डॉक्टरांना फोन करा आणि नवीन पेन आणा.

उगाच घाबरूही नका. न उघडलेलं इन्सुलिन 2 ते 8 अंश सेल्सिअसला ठेवायचं. वापरात असलेलं बहुतेक प्रकारचं पेन घरातल्या सावलीत, 25 ते 30 अंशांच्या आत, साधारण चार आठवडे चालतं. नेमका आकडा पेनसोबतच्या कागदावर असतो, तोच मानायचा. फ्रीज नसेल तर ओल्या वाळूत ठेवलेलं मातीचं मडकं कामी येतं. माठातलं पाणी गार होतं तसंच, बाष्पीभवनाने आतला भाग थंड राहतो.

आणखी एक. एनपीएच नावाचं इन्सुलिन मुळातच दुधाळ असतं, ते बिघडलेलं नसतं. ते तळहातांत हळू फिरवून एकसारखं करायचं, खळाखळा हलवायचं नाही. का, ते आता तुम्हीच सांगू शकता. स्वच्छ असणारं औषध गढूळ झालं, किंवा दुधाळ औषधातल्या गुठळ्या मोडेनात, तर ते टाकून द्या.

मेसेज करणाऱ्या मित्रा, विचारलंस हे फार बरं केलंस. तुमच्यापैकी कोणाच्या घरी इन्सुलिन असेल, तर आज ते नेमकं कुठे ठेवलंय ते एकदा बघून या. पुढच्या भागात भेटूच!