दॉन ह्वान

स्त्रियांना मोहात पाडून त्यांची फसवणूक करणाऱ्या स्वैराचारी उमरावाची स्पॅनिश आख्यायिकेतील व्यक्तिरेखा. इंग्रजीत ‘डॉन जूअन’ व इटालियन भाषेत ‘दोन जोव्हान्नी’ ह्या नावांनी ती ओळखली जाते. अशी व्यक्ती इतिहासात होऊन गेल्याचा विश्वसनीय पुरावा नाही. ह्या आख्यायिकेत दोन धागे एकत्र आले आहेत : एक स्त्रीलंपट तरुणाचा व दुसरा मृताची अवहेलना करून त्याला भोजनाचे निमंत्रण देणाऱ्या उद्धटाचा. दुसरा धागा यूरोपातील अनेक लोककथांत आढळतो. स्पेनमधील काही लोकगीतांत वाटेत पडलेल्या कवटीला लाथाडून तिला जेवावयास बोलावणारा तरुण येतो.

हे दोन्ही धागे गुंफणारे पहिले ज्ञात नाटक म्हणजे एल बुर्लादोर दे सेव्हील्या (सु. १६३०, म. शी. सेव्हिलचा ठकसेन). ते परंपरेने तीर्सो दे मोलीना (१५७९–१६४८) ह्या धर्मगुरू-नाटककाराचे मानले जाते. तथापि काही अभ्यासक ते आंद्रेस दे क्लारामोंते ह्याचे असल्याचे मानतात. ह्या नाटकातील दॉन ह्वान तेनोर्यो हा प्रियकरापेक्षा ठकच अधिक आहे. नेपल्समधील सरदारकन्या, समुद्रातून त्याला वाचविणारी कोळीण तिस्बेआ, नवविवाहिता शेतकरीण आमिंता अशा भिन्न स्तरांतील स्त्रियांना तो वेषांतराने वा विवाहाच्या खोट्या वचनाने फसवितो. दोन्या आना हिच्या पित्याचा तो वध करतो आणि पुढे त्याच्या थडग्यावरील पाषाणमूर्तीला थट्टेने भोजनास बोलावतो. मूर्ती येते व त्यालाही उलट निमंत्रण देते. हा नायक नास्तिक नाही. परमेश्वरी न्याय तो मानतो; परंतु त्यास अद्याप पुष्कळ अवकाश आहे, असे समजून पश्चात्ताप पुढे ढकलीत राहतो. मूर्तीने हात धरल्यावर तो पापनिवेदनासाठी धर्मगुरूची याचना करतो. पण वेळ टळून गेलेली असते.

पुढील लेखकांनी प्रामुख्याने ह्या शेवटाचाच फेरविचार केला. मोल्येरच्या दाँ ज्यूआं (१६६५) मधील नायक ईश्वरावर विश्वास न ठेवणारा व दांभिक आहे. हे नाटक थोड्याच प्रयोगांनंतर बंद झाले आणि मोल्येरच्या हयातीत छापले गेले नाही. मोट्सार्टच्या दोन जोव्हान्नी (१७८७, प्राग) ह्या संगीतिकेची संहिता लोरेंत्सो दा पोंते ह्याची असून तीत मूर्तीने पुनःपुन्हा बजावूनही नायक पश्चात्तापास नकार देतो. बायरनच्या अपूर्ण डॉन जूअन (१८१९–२४) ह्या उपरोधप्रचुर काव्यात तो स्त्रियांना नादी लावीत नाही; उलट स्त्रियाच त्याच्या मागे लागतात. जॉर्ज बर्नार्ड शॉच्या मॅन अँड सुपरमॅन (१९०३) मध्येही पुरुष हाच पाठलागाचा विषय आहे.

स्पेनमध्ये सर्वाधिक लोकप्रिय ठरले ते होसे सोरील्याचे दॉन ह्वान तेनोर्यो (१८४४). त्यात मृत इनेसच्या निस्सीम प्रेमामुळे अखेरच्या क्षणी पश्चात्ताप करणाऱ्या नायकाला मुक्ती मिळते. मृतात्मा दिनाच्या (२ नोव्हेंबर) सुमारास त्याचे प्रयोग करण्याची प्रथा तेथे रूढ झाली. मूळ नाटकात नाकारलेली क्षमा येथे दिली गेली. मात्र फसवल्या गेलेल्या स्त्रियांच्या तक्रारींना मूळ नाटकात राजासमोर जे स्थान होते, ते ह्या स्वच्छंदतावादी रूपात उरले नाही.