सभेचा निर्णय कीं एकट्याचा?

काम करतांना निर्णय चौघांनीं मिळून घ्यावा कीं एकट्यानें, ह्या प्रश्नाला मराठी भाषेनें फार पूर्वींच उत्तर देऊन ठेवलें आहे. अडचण इतकीच कीं, तिनें दोन उत्तरें दिलीं आहेत. 'पांचामुखीं परमेश्वर', 'गांव करी तें राव न करी' असें ती एकीकडे म्हणते. आणि दुसरीकडे विस्कळित कामाला 'बारभाईंचा कारभार' म्हणून हिणविते. ज्या बारभाईंनीं १७७४ सालीं राघोबादादांना दूर सारून पेशव्यांची गादी सांभाळली, त्यांचेंच नांव पुढें गोंधळाला मिळावें, ही मोठी मौजच आहे! कचेरींत, कारखान्यांत किंवा शाळेंत काम करणाऱ्या प्रत्येकास ह्या दोन्ही उत्तरांचा अनुभव येत असतो. तेव्हां कोणतें उत्तर कोठें लागू पडतें, तें पाहूं. त्यासाठीं आपल्या अहमदनगर, म्हणजे आतांच्या अहिल्यानगर जिल्ह्यांतच दोन चांगलीं उदाहरणें आहेत.

नगर तालुक्यांतील हिवरे बाजार हें गांव अवर्षणाच्या पट्ट्यांत आहे. पाऊस सरासरी चारशें मिलिमीटरच्या आसपास. जमिनीवर बांध घालतां येतात, परंतु जमिनीखालचें पाणी सर्वांचें एकच असतें. एकानें खोल कूपनलिका घेतली कीं शेजाऱ्याची विहीर आटते. मग शेजारी त्याहून खोल जातो, आणि शेवटीं दोघेहि कोरडे राहतात. प्रत्येकाचा निर्णय त्याच्यापुरता शहाणपणाचा, पण सर्वांचा मिळून परिणाम मात्र घातक! १९९० नंतरच्या काळांत, पोपटराव पवार सरपंच असतांना, ह्या गांवच्या ग्रामसभेनें शेतीसाठीं कूपनलिका न घेण्याचें, ऊंस व केळी ह्यांसारखीं तहानलेलीं पिकें न लावण्याचें आणि मोकाट चराई व वृक्षतोड बंद करण्याचें ठरविलें. पुढें तेथें पाण्याचा ताळेबंदहि मांडूं लागले. पडलेला पाऊस व विहिरींची पातळी मोजावयाची. पिण्याच्या पाण्याचा हक्क पहिला धरावयाचा, आणि उरलेल्या पाण्यावर कोणतीं पिकें घ्यावयाचीं तें ग्रामसभेनें ठरवावयाचें.

आतां हाच नियम वरून हुकूम म्हणून आला असता, तर तो पाळला जातो कीं नाहीं हें पाहण्यास प्रत्येक विहिरीवर पहारेकरी बसवावा लागला असता. स्वतः हात वर करून मान्य केलेल्या नियमाला पहारा कमी लागतो. सामुदायिक निर्णयाचा मोठा लाभ तो हाच. तो ठरण्यास वेळ लागतो, पण अंमलांत येण्यास लागत नाहीं.

दुसरें उदाहरण प्रवरेच्या परिसरांतील लोणीचें. विठ्ठलराव विखे पाटील व अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ ह्यांच्या पुढाकारानें शेतकऱ्यांनीं उभारलेला सहकारी साखर कारखाना तेथें १९५०-५१ च्या हंगामांत सुरू झाला. सहकाराच्या तत्त्वाप्रमाणें सभासदाचे भाग कितीहि असोत, मत एकच. संचालक सभासदांनींच निवडावयाचे. परंतु कोणत्याहि साखर कारखान्यांत पाकानें दाणा केव्हां धरला, हें मतदानानें ठरत नाहीं. तेथें जाणत्या कारागिराची नजरच प्रमाण. तोडलेला ऊंस पडून राहिला कीं त्यांतील साखर तासागणिक घटते. म्हणून तो सभेची वाट पाहूं शकत नाहीं. तोडणीचा क्रम कोणत्या नियमानें लावावा, हें मात्र सर्वांनीं आधींच ठरवून ठेवावें. नाहींतर रोज नवें भांडण. म्हणजे धोरण सर्वांचें आणि अंमल एकाचा. ही वांटणी जेथें चुकते, तेथें बारभाईंचा कारभार सुरू होतो.

पण धोरण ठरवितांना तरी पुष्कळांचें मत नेहमीं बरोबर ठरतें काय? १९०६ सालीं इंग्लंडांत प्लिमथ येथील पशुप्रदर्शनांत एका बैलाचें, कापून साफ केल्यानंतरचें, वजन ओळखण्याची स्पर्धा झाली. फ्रान्सिस गॉल्टन ह्या शास्त्रज्ञानें पुढें तिच्या ७८७ चिठ्ठ्या तपासल्या. सर्व अंदाजांच्या बरोबर मध्यें पडलेला आंकडा १,२०७ पौंड होता, आणि खरें वजन होतें १,१९८ पौंड! ह्याच्या उलट, १९५१ च्या सुमारास अमेरिकेंत सॉलोमन ॲश ह्या मानसशास्त्रज्ञानें एक निराळा प्रयोग केला. तीन रेघांपैकीं कोणती रेघ दाखविलेल्या रेघेइतक्या लांबीची आहे, इतकाच प्रश्न. खोलींतील इतरांनीं, आधीं ठरल्याप्रमाणें, एकामागून एक उघड चुकीचें उत्तर दिलें; तेव्हां चारांपैकीं सुमारे तीन माणसांनीं निदान एकदां तरी, स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास सोडून, त्यांच्या होकारांत होकार मिळविला.

दोन्हीकडे माणसें साधींच होतीं. फरक होता पद्धतींत. प्लिमथच्या लोकांनीं आपला अंदाज एकेकट्यानें चिठ्ठीवर लिहिला होता. ॲशच्या खोलींत प्रत्येकानें दुसऱ्याचें ऐकून मग तोंड उघडलें. आपल्या बहुतेक सभा दुसऱ्या प्रकारच्या असतात. साहेब प्रथम बोलतात, वडीलधारे मान डोलावतात, नवा कारकून किंवा कोपऱ्यांत बसलेली शिक्षिका गप्प राहते, आणि त्या मौनाची नोंद 'सर्वानुमतें' अशी होते. पुढें काम बिघडलें म्हणजे जबाबदारी सर्वांची, अर्थात् कोणाचीच नाहीं.

ह्यावर उपाय कठीण नाहींत. चर्चेपूर्वीं प्रत्येकानें आपलें मत कागदावर लिहावें. अध्यक्षांनीं शेवटीं बोलावें. विरुद्ध मत कारणासह नोंदवावें. ज्यांना परिणाम सोसावयाचा आहे ते सभेंत आहेत कीं नाहींत, हें पाहावें. आणि ज्या गोष्टी मोजून किंवा तज्ज्ञास विचारून कळतात, त्यांवर मतें घेऊं नयेत. सभा उठण्यापूर्वीं ठरावाखालीं तो अमलांत आणणाऱ्या एका माणसाचें नांव व तारीख लिहावी. तेवढी ओळ लिहिली गेली नसेल, तर सभेचें काम संपलें असें समजूं नये.