दोरखंडाची यक्षी

घटाशेजारी बसून पोथी वाचणाऱ्या आमच्यासारख्या वृद्धाचा आधुनिक शिल्पकलेशी संबंध तो काय? परंतु गतवर्षी ललितापंचमीस कीर्तन आटोपल्यावर चित्रकला शिकणाऱ्या एका मुलीने एक छायाचित्र आमच्यापुढे धरले व विचारले, “बुवा, हिला हात जोडावेत का?” गाठी मारमारून दोरखंडाची घडविलेली ती ‘यक्षी’ होती, साल १९८४. “ही तर थट्टा!” असे आम्ही बोलून गेलो. मुलगी निमूटपणे निघून गेली, आणि आमची झोप उडाली.

त्या शिल्पाच्या कर्त्या मृणालिनी मुखर्जी. जन्म मुंबईचा, १९४९ सालचा. वडील शांतिनिकेतनचे थोर चित्रकार विनोदबिहारी मुखर्जी, ज्यांनी दृष्टी गेल्यावरही कला सोडली नाही. बडोद्यास के. जी. सुब्रमण्यन यांच्यापाशी शिकताना त्यांचे लक्ष लोककारागिरीकडे वळले. पुढे सुमारे पाव शतक त्यांनी बाजारातील साधा दोर घेतला, रंगविला आणि हातांनी गाठीवर गाठ घातली. माग नाही, आधी काढलेला आराखडाही नाही. एकेका आकृतीस महिनेच्या महिने लागत. ज्या वस्तूने आपण गुरे बांधतो, विहिरीत पोहरा सोडतो, तिच्यातून ‘वनश्री’ (१९९४) उभी राहिली!

आम्ही शास्त्र उघडले. भागवताच्या एकादश स्कंधात प्रतिमेचे आठ प्रकार सांगितले आहेत : पाषाण, काष्ठ, धातू, लेप, चित्र, वाळू, रत्न आणि मन. दोर त्यांत नाही, हे खरे. पण जेथे वाळू चालते, तेथे दोराचा विटाळ कोणी मानावा? शिवाय यक्षी ही मूळची वृक्षांशी निगडित देवता. वनस्पतीच्याच तंतूंतून ती प्रकटावी, यात विपरीत ते काय? (चाळीस वर्षे रज्जुसर्पाचा दृष्टान्त सांगणाऱ्यास नुसती रज्जूही नीट दिसू नये, याचे हसू येते.)

मात्र एक भेद राखलाच पाहिजे. या आकृती पूजेसाठी घडविलेल्या नाहीत. त्यांस ना ध्यानश्लोक, ना प्राणप्रतिष्ठा. २०१५ साली दिल्लीत राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांच्या कृतींचे मोठे प्रदर्शन भरले आणि त्याच दिवसांत मृणालिनीबाईंचे देहावसान झाले. २०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने त्या कृती मांडल्या. तेथेही लोक त्यांना पाहावयास आले, पूजावयास नव्हे.

यंदाही ललितापंचमीचे कीर्तन त्याच देवळात आहे. मुलगी आली, तर ते छायाचित्र आम्ही पुन्हा मागून घेणार आहोत.